तोबरा, खुर्जी आणि टाकीवरची पिशवी

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर चारच दिवसांनी माझा पुतण्या पुण्याहून मोटारसायकलवर पिंपळगाव राजाला आला. नर्मदेच्या दोन्ही काठांनी गाडीवरून परिक्रमा करायची, वाटेत आजीला भेटायचे आणि बुऱ्हाणपूर-असीरगडावरून ओंकारेश्वर गाठायचे, असा त्याचा बेत होता. (बाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात नावापुढे 'राजा' लावणारी तीन गावे आहेत : जिजाऊंचे सिंदखेड राजा, बालाजीचे देऊळगाव राजा आणि आमचे पिंपळगाव राजा. पहिल्या दोन्ही गावांना माणसे ठरवून जातात. आमच्याकडे बरेचदा चुकून येतात.)

त्याने गाडी ओट्याला लावली, पेट्रोलच्या टाकीवर पट्ट्यांनी बांधलेली एक काळी, फुगीर पिशवी सोडली आणि आणून आईपुढे ठेवली. आईचे वय आता नव्वदीकडे आहे. तिने पिशवीवरून हात फिरवला, पट्ट्या चाचपल्या आणि म्हणाली, "अरे बापू, हे त खुर्जी होय! तुह्या पणज्याच्या तट्टावर होती अशी."

पुतण्या हसला. मी हसलो नाही. गेली दहाएक वर्षे मी मराठ्यांच्या घोड्यावरच्या सामानाच्या मागे लागलेलो आहे. लढाया, तह, सनदा यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. पण स्वार सकाळी घोड्यावर बसला तेव्हा त्याच्या पुढ्यात काय होते, मागे काय बांधले होते आणि खोगिराखाली काय दडवले होते, हे विचारणारा मला क्वचितच भेटला. मी काही इतिहासाचा पदवीधर नाही. उभी नोकरी जिनिंगच्या हिशोबात गेली. कदाचित म्हणूनच मला तलवारीपेक्षा यादी जास्त बोलकी वाटते.

पुतण्याला मी म्हटले, "सगळं काढ. पण एकेक काढ, आणि ते तिथंच का, ते सांग."

त्याने काढले. वरच्या पारदर्शक कप्प्यात घडी घातलेला नकाशा. फोन असताना हा कशाला, तर सातपुड्यात फोन मुका होतो. उजव्या बाजूच्या छोट्या कप्प्यात सुटे पैसे आणि चष्म्याचे फडके, कारण डावा हात क्लचवर गुंतलेला असला तरी थांबल्या थांबल्या उजवा मोकळा होतो. मोठ्या कप्प्यात तळाशी, पुढच्या अंगाला, हवा भरायचा लहान पंप आणि पाण्याची बाटली. जड वस्तू जितकी खाली आणि गाडीच्या मध्याजवळ, तितकी गाडी वळणावर कमी डगमगते. मध्ये मऊ कापडात कॅमेरा. मागच्या अंगाला, म्हणजे स्वाराच्या पोटाला लागणाऱ्या बाजूला, पावसाळी अंगरखा आणि हातमोजे. आतल्या चेनच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, गाडीची कागदपत्रे, थोडे पैसे आणि ओळखपत्र.

"पाने, स्क्रू ड्रायव्हर कुठंयत?"

"सीटखाली. टोकदार काही पुढं ठेवत नाहीत काका. जोरात ब्रेक दाबला की आपण पुढं सरकतो. ते पोटात जाईल."

आणखी दोन गोष्टी त्याने सांगितल्या. पिशवी बांधल्यावर हँडल आधी पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे वळवून बघायचे. पिशवी मध्ये अडली किंवा तिच्याने हॉर्न दाबला गेला तर ती पुन्हा बांधायची. आणि चुंबकाने चिकटणारी पिशवी घ्यायची नाही, कारण खडबडीत रस्त्यावर ती सरकते आणि टाकी प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची असेल तर चिकटतच नाही. या पिशव्यांचाही एक इतिहास आहे म्हणे. जर्मनीतल्या हारो कंपनीची कातडी 'एलिफंटेनबॉय' जुन्या फिरस्त्यांमध्ये अजून नावाजलेली आहे. पुतण्याचा आदर्श टेड सायमन हा इंग्रज. तो १९७३ साली पाचशे सीसीच्या ट्रायम्फवर निघाला आणि चार वर्षे जगभर फिरला, भारतातूनही गेला. मला त्या मोठ्या प्रवासापेक्षा पुतण्याने जाता जाता उच्चारलेले एक वाक्य महत्त्वाचे वाटले : "न उतरता जे लागतं ते पुढं, मुक्कामाला लागतं ते मागं, आणि बिघाडाला लागतं ते खाली."

हा नियम मी पूर्वी एकदा पाहिला होता, पण मला तो ओळखता आला नव्हता.

ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात पहिल्या बाजीरावाची एक आख्यायिका दिली आहे. दिल्लीच्या बादशहाने बाजीराव दिसतो कसा ते पाहण्यासाठी आपला चितारी पाठवला. त्याने काढून आणलेल्या चित्रात पेशवा घोड्यावर बसलेला आहे, भाला खांद्याला टेकवलेला आहे, आणि तो चालता चालता दोन्ही हातांनी ज्वारीची कणसे चोळून दाणे खातो आहे. ते पाहून बादशहा दचकला, असे डफ सांगतो. शाळेपासून आपण ही गोष्ट ऐकतो ती हुरड्यासाठी. साधेपणा, चपळाई वगैरे. पण त्याच वर्णनात आणखी एक तपशील आहे आणि तो सगळे गाळतात : घोड्याची आगाडी-पिछाडी, म्हणजे पुढचे-मागचे दोर, साध्या बारगिरासारखी तोबऱ्यात कोंबलेली आहे.

तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी. तिच्यात दोर का? मी यावर बराच काळ अडलो होतो. पुतण्याच्या पिशवीने ते सोडवले. मुक्कामाला उतरल्यावर पहिले काम घोडा बांधणे आणि दुसरे त्याला चंदी देणे. दोर बाहेर निघाला की तोबरा मोकळा होतो, आणि मोकळा झाला की लगेच चंदीने भरतो. सकाळी चंदी संपते, तोबरा रिकामा होतो, आणि सुटलेला दोर त्याच्यात जातो. एका पिशवीला दोन कामे, आणि ती कामे एकमेकांना आडवी येत नाहीत. ही माझी उपपत्ती आहे, डफ असे काही म्हणत नाही. पण चित्रकाराने (किंवा आख्यायिका रचणाऱ्याने) हा तपशील उगीच घातलेला नाही. पाहणाऱ्याला त्यातून कळत होते की या माणसामागे तंबू, हत्ती, बाजारबुणगे काही येत नाही. त्याचे बिऱ्हाड विंचवासारखे त्याच्या पाठीवर आहे.

जाता जाता एका म्हणीची कैफियत. 'खोगीरभरती' हा शब्द आपण निरुपयोगी भरताडासाठी वापरतो. खोगिरात चिंध्या, जुनेर, लोकर असे टाकाऊच भरत, हे खरे. पण ती भरती एके ठिकाणी गोळा झाली की घोड्याची पाठ लागते, आणि पाठ लागलेला घोडा म्हणजे पायी चालणारा स्वार. मोहीम फसायला एवढे पुरे. खोगीरभरती नीट आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहायचे काम. ही म्हण घोड्यावर न बसणाऱ्यांनी केली असावी.

आता यादीकडे येतो, कारण माझा जीव यादीत आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवछत्रपतींची बखर लिहिली. तिच्यातला लष्कराच्या व्यवस्थेचा भाग मी किती वेळा वाचला असेल, त्याची गणती नाही. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाण्याची पखाल आणि नाल-खिळ्यांची पिशवी या दोन जड गोष्टी प्रत्येकाच्या खोगिरावरून काढून एकेका माणसाकडे दिलेल्या. आजही चार-सहा जण मिळून गाड्यांवर निघतात तेव्हा एकाकडे पंप असतो, एकाकडे पंक्चरचे सामान. माझा पुतण्या एकटा निघाला होता, म्हणून त्याच्या पुढ्यात पंप होता. तो आपलाच नालबंद होता.

पावसाळ्यात फौज छावणीत. दसऱ्याला निघायचे, आठ महिने बाहेर राहायचे. आणि निघताना प्रत्येक लहानथोराच्या बिशादीचा जाबिता करायचा. बिशाद म्हणजे जवळचा ऐवज, चीजवस्त. आज हा शब्द फक्त 'काय बिशाद आहे त्याची!' एवढ्यापुरता उरला आहे. मूळ अर्थाने पाहिले तर आपण समोरच्याला विचारतो, तुझ्या पिशवीत आहे काय? जाबिता म्हणजे यादी. वैशाखात फौज परत आली की सरहद्दीवर झाडा घ्यायचा, आणि यादीपेक्षा जे जास्त निघेल त्याची किंमत करून ती पगारातून वजा करायची. भारी चीज असेल तर सरकारजमा. बायका, बटकी, कलावंतिणी फौजेबरोबर न्यायच्या नाहीत.

मी पूर्वी या भागाचा अर्थ 'शिस्त' असा लावला होता. पंधरा वर्षांपूर्वी एका अंकात तसा लेखही लिहिला. मावळा किती हलका होता, घोडा, भाला आणि भाकरी यांवर त्याने कसे राज्य उभे केले, असा त्याचा सूर होता. लेख छापून आल्यावर एका वृद्ध वाचकाचे पोस्टकार्ड आले. मजकूर एका ओळीचा होता. घोडा काय खात होता, असे त्यांनी विचारले होते.

त्या पोस्टकार्डाने माझा लेख मोडला. दख्खनी तट्टू लहान खरे, पण कामावर असताना त्याला रोज दोन-तीन शेर चंदी लागते, वर गवताचे भारे, आणि पाणी माणसाच्या दहापट. तीन-चार दिवसांची चंदी खोगिराला बांधता येईल. आठ महिन्यांची येत नाही. तोबरा रोज संध्याकाळी कुठून तरी भरावा लागतो. म्हणजे हलका स्वार ही अर्धीच गोष्ट आहे. त्याचे उरलेले सामान वाटेवरच्या कुणाच्या तरी कणगीत ठेवलेले असते.

आणि वाटेवर आमचे गाव असते.

पिंपळगाव राजा ज्ञानगंगेच्या खोऱ्यात आहे. उत्तरेला पूर्णा, तिच्यापलीकडे सातपुडा. इंग्रजी गॅझेटियरांत आमच्या गावाला मिळालेल्या मोजक्या ओळींपैकी एक पेंढाऱ्यांबद्दलची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या फौजेने गाव लुटले, आणि पाठोपाठ महादजी शिंद्यांच्या खंडणीने ते आणखी खचले. गावात आज याची आठवण म्हणून काही नाही. जुनी माणसे पेव दाखवतात आणि पेंढाऱ्यांपासून धान्य लपवायला केले होते असे सांगतात. पेव तर सगळ्या वऱ्हाडात आहेत आणि धान्य साठवायला त्यांना पेंढाऱ्यांची गरज नव्हती. पण आठवण तोंड शोधत असते.

पेंढारी कसे निघत, हे सर जॉन माल्कमने १८२३ साली छापलेल्या मध्य हिंदुस्थानवरच्या ग्रंथात सविस्तर आहे. त्याने त्यांच्याशी लढाई केलेली आणि मागाहून त्यांच्याशी बोलणीही केलेली, त्यामुळे त्याची माहिती जवळची आहे. दसरा झाला, नर्मदा उतरण्याजोगी झाली की घोड्यांना नाल मारून टोळ्या निघत. तंबू नाही, बाडबिछाना नाही. प्रत्येकाजवळ स्वतःपुरत्या थोड्या भाकऱ्या आणि घोड्याला काही वेळ पुरेल एवढी चंदी. दोन-तीन हजार घोडा दिवसाला चाळीस-पन्नास मैल, म्हणजे पासष्ट-ऐंशी किलोमीटर, डावीउजवीकडे न बघता कापत ठरल्या मुलखात उतरे.

हे वर्णन सभासदाच्या शेजारी ठेवून पाहा. तोच दसरा. तेच हलके खोगीर. बाजीरावाच्या चित्रातला स्वार आणि हा स्वार पन्नास पावलांवरून सारखेच दिसले असते. सामानाच्या मांडणीत मला तरी फरक सापडत नाही. फरक यादीत आहे. एकाच्या निघताना कुणीतरी जाबिता केला होता आणि परतताना झाडा होणार होता. दुसऱ्याची पिशवी निघताना रिकामी होती, कारण परतताना ती भरलेली असणार होती.

आणि तोबरा? पेंढाऱ्यांच्या छळाच्या ज्या हकिकती इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवल्या, त्यांत एक प्रकार पुन्हा पुन्हा येतो. पुरलेले द्रव्य कुठे आहे, हे सांगायला लावण्यासाठी घोड्याचा तोबरा गरम राखेने भरून माणसाच्या तोंडाला बांधायचे आणि पाठीत रट्टे घालायचे, म्हणजे त्याला श्वास आत घ्यावाच लागे. 'तोबरा भरणे' हे आपण मुलांना गमतीने म्हणतो. हे वाचल्यापासून मला म्हणवत नाही.

म्हणून सभासदाच्या यादीचा अर्थ मी आता वेगळा लावतो. ती शिपायाची शिस्त होतीच. पण तिच्या दुसऱ्या टोकाला कुणब्याची कणगी होती. याला आधार आहे तो शिवाजी महाराजांच्या त्या प्रसिद्ध पत्राचा, जे १६७० च्या दशकात चिपळूणजवळ दळवटण्याला पडलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना गेले. हे पत्र आपण 'रयतेच्या भाजीच्या देठासही' अशा थाटात भाषणांत वापरून गुळगुळीत केले आहे. मूळ पत्र मात्र पक्क्या हिशोबनिसाचे आहे. पावसाळ्यासाठी दाणा-वैरण साठवली आहे. ती आताच वाटेल तशी उधळलीत तर पुढे मिळणार नाही, घोडी मरू लागतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे. आणि रयतेला वाटेल की याहून मोगल बरे. त्यापुढे दिव्याची वात उंदीर पळवतील आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत तो हिशोब जातो. घोडा काय खात होता, हे विचारणाऱ्या माझ्या पोस्टकार्डवाल्या वाचकाला हे पत्र नक्की पाठ असले पाहिजे.

पानिपताच्या आधी मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट यांनी बायकामुले व जड सामान मागे ठेवून हलके व्हा, असा सल्ला भाऊसाहेबांना दिला होता, असे सांगतात. तो ऐकला असता तर काय झाले असते, यावर ढीगभर लिहून झाले आहे. मी त्यात पडत नाही. पण हलके व्हा म्हणताना मल्हाररावांच्या मनात त्या थंडीत उत्तर हिंदुस्थानातल्या कुणाची कणगी होती, हेही कुणीतरी विचारायला हवे.

ओझे वाटण्याचा दुसरा मार्ग वऱ्हाडाला ठाऊक होता. तो घोड्याचा नव्हे, बैलाचा. रेल्वे येण्यापूर्वी इथला कापूस लमाणांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. दोन्ही बाजूंच्या गोण्या सारख्या भारल्या नाहीत तर बैल लंगडतो, त्यामुळे लमाण बाई हाताने उचलून वजन सांगे. १८७० साली जलंब-खामगाव फाट्यावर आगगाडी आली आणि ही विद्या काही वर्षांत संपली. माझ्या आजोबांचे तट्टू हा तिचाच शेवटचा धागा. ते आठवडी बाजारांत कापड विकत. ताग्यांची गाठोडी मागे, पुढ्यात खुर्जी. खुर्जी म्हणजे मध्ये जोडलेल्या दोन तोंडांच्या पिशव्या, शब्द फारसीतून आलेला. आईच्या म्हणण्याप्रमाणे एका तोंडात उधारीची वही आणि पैशांचा कसा, दुसऱ्यात भाकरी आणि पानाची चंची. कापड मोजायचा लोखंडी गज मात्र पुढे कधी ठेवत नसत, तो गाठोड्यात. तट्टू बुजले तर गज बरगडीत बसतो. आईने हे सांगितले तेव्हा पुतण्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे पाहत हलवला.

ती खुर्जी माझ्या लहानपणी माडीवर होती. आधी तिच्यात शेंगा ठेवत, मग उंदरांनी खाल्ली.

पुढ्यातल्या पिशवीत माणूस शेवटी काय ठेवतो, याचा एक पुरावा पेंढाऱ्यांनीच मागे ठेवला आहे. त्यांचा सर्वांत मोठा पुढारी चितू १८१९ साली, सगळीकडून हुसकला गेल्यावर, रानात वाघाच्या तोंडी पडला. त्याचा घोडा आधी सापडला. खोगीर-लगामासकट चरत होता. खोगिरावर मिळाले ते असे : अडीचशे रुपये, शिक्क्याच्या काही अंगठ्या, आणि नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांची पुढे बक्षीस देण्याचे वचन देणारी पत्रे. एके काळी हजारो स्वार ज्याच्या मागे निघत, त्याची ही बिशाद. पैसे, ओळख आणि कागद. पुतण्याच्या आतल्या चेनच्या कप्प्यात याच तीन वस्तू होत्या.

इथे मला माझ्या एका अपघाताबद्दल लिहिले पाहिजे, कारण या लेखात एक भगदाड आहे आणि ते त्या अपघाताने पाडले आहे. १९९६ च्या पावसाळ्यात मी राजदूतवरून एका गावाहून परत येत होतो. तिथल्या एका घरात शिलेदारी दप्तर होते. त्यातल्या कागदांच्या नकला मी तीन महिने सुट्टीच्या दिवशी जाऊन उतरवल्या होत्या. वह्यांची पिशवी मी हँडलला अडकवली होती. घाटाच्या वळणावर ती टाकी आणि हँडल यांच्यामध्ये बसली, हँडल वळेना, आणि मी गाडीसकट चारीत. मला फारसे लागले नाही. वह्या पाण्यात गेल्या, शाई पसरली. पुन्हा उतरवू म्हणून दोन वर्षांनी गेलो, तर वाडा पाडताना कागद बंबात गेले होते. त्यांत एका स्वाराच्या घोड्यावरच्या सामानाची यादी होती, नगवार. ती माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे, हाताने लिहून काढली आहे. आज मला तिच्यातल्या पाच-सहा वस्तू आठवतात. आठवणीवर पुरावा उभा राहत नाही, म्हणून त्यातले काहीही मी वर वापरलेले नाही. पण पुतण्या जेव्हा म्हणाला की पिशवी बांधल्यावर हँडल पूर्ण वळवून बघायचे, तेव्हा मी उठून आत जाऊन पाणी पिऊन आलो.

रात्री जेवताना परिक्रमेचा विषय निघाला. पायी परिक्रमावासी जवळ जवळ काहीच घेत नाही. गावोगावच्या सदावर्तावर आणि लोकांच्या शिध्यावर त्याचे चालते. म्हणजे त्याचेही उरलेले सामान दुसऱ्याच्या घरात असते, फक्त ते मागून मिळते. आणि शूलपाणीच्या झाडीत भिल्ल त्याच्याजवळचे उरलेसुरलेही काढून घेत, हा त्या वाटेचा जुना रिवाज. परिक्रमावासी त्यांना मामा म्हणून पुढे जात. पुतण्याला मी विचारले, तू यांतला कोण? तो म्हणाला, "मी यूपीआयवाला, काका. रस्त्यात सगळं मिळतं, पैसे देऊन घेतो." मला उत्तर पटले. थोडे खटकलेही, काय खटकले ते अजून नीट सांगता येत नाही.

सकाळी आईने त्याला ज्वारीच्या चार भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला. पिशवीत जागा नव्हती. त्याने कॅमेरा काढून मागच्या पेटीत टाकला आणि त्या जागी भाकरी ठेवल्या. मी वही घेऊन ओट्यावर बसलो आणि त्याच्या टाकीवरच्या पिशवीचा जाबिता केला : एकूण चौदा नग. त्याची सही घेतली. त्याने हँडल डावीकडे वळवून पाहिले, उजवीकडे वळवून पाहिले, आणि नांदुऱ्याच्या रस्त्याला लागला.

सव्वीस दिवसांनी तो परत आला. मी वही काढून झाडा घेतला. भाकरीचे फडके होते, ठेचा अर्थातच नव्हता. यादीतला पंप नव्हता. बडवानीच्या पुढे सायकल पंक्चर झालेल्या एका शाळकरी पोराला देऊन आला होता. यादीबाहेरची एकच वस्तू निघाली, नर्मदेतला एक गुळगुळीत गोटा. पंप मी खर्ची टाकला. गोट्याची किंमत काय लावायची, हे मला ठरवता येईना. तेवढ्यात आईने तो उचलून देवघरात नेला.